क्षय आणि मधुमेह : एका जुन्या सोबतीचा इतिहास

वैद्यकाच्या इतिहासांत कांहीं रोग एकटे वावरतात, तर कांहींना सोबतीवांचून करमत नाहीं. क्षय आणि मधुमेह ही अशीच एक फार जुनी सोबत आहे. वरवर पाहणाऱ्यास या दोहोंत कोणतेंही नातें दिसत नाहीं. एक छातीचा रोग, दुसरा रक्तांतील साखरेचा. एकाला जंतु कारण, दुसऱ्याला जंतूंची गरजच नाहीं. एक कोंदट खोलींत राबणाऱ्या दरिद्र्याचा, दुसरा गादीवर बसून हिशेब पाहणाऱ्या सुखवस्तु माणसाचा, असा लोकांचा पूर्वापार समज. तरीही ज्याला मधुमेह आहे त्याला क्षय होण्याचा संभव इतरांच्या मानानें दोन ते तीन पट असतो, ही गोष्ट आतां सर्वमान्य झाली आहे. भारतासारख्या देशांत, जेथें या दोन्ही रोगांचें राज्य विस्तीर्ण आहे, तेथें या सोबतीची किंमत दरसाल पुष्कळ माणसें आपल्या प्राणांनीं मोजतात. हें नातें पूर्वीं कोणी ओळखलें, मध्यंतरीं तें कसें दृष्टीआड झालें, आणि आज गांवोगांवच्या दवाखान्यांत तें ध्यानांत घेऊन उपचार करण्याचा प्रयत्न कसा चालला आहे, ही हकीकत बोधप्रद आहे.

प्राचीन भारतीय वैद्यांना हे दोन्ही रोग चांगले परिचित होते. चरकसंहितेंत राजयक्ष्म्याला स्वतंत्र अध्याय दिला आहे. दक्षाच्या कन्यांपैकीं एकट्या रोहिणीवरच प्रेम करणाऱ्या चंद्राला सासऱ्याच्या कोपानें यक्ष्मा जडला, ही कथा सांगून ग्रंथकार लगेच कारणांकडे वळतो. शक्तीबाहेरचें साहस, शरीराच्या नैसर्गिक वेगांचा अवरोध, धातूंचा क्षय आणि विषम आहार हीं चार कारणें तो सांगतो. प्रमेहाचें वर्णन याच्या अगदीं उलट आहे. बैठें सुख, अतिनिद्रा, दहीं, गूळ, नवें धान्य अशा कफ आणि मेद वाढविणाऱ्या गोष्टींनीं प्रमेह उद्भवतो, असें चरकाचें मत. प्रमेहाचे वीस प्रकार मानलेले असून त्यांपैकीं वातामुळें होणाऱ्या चार प्रकारांत मधुमेहाची गणना होते, आणि तो असाध्य समजला जातो. म्हणजे एक रोग झिजेचा, दुसरा संचयाचा, अशी ही मांडणी होती.

परंतु हे वैद्य केवळ मांडणीचे पंडित नव्हते. सुश्रुतानें प्रमेही रोग्याला सांगितलेला उपचार या दृष्टीनें पाहण्याजोगा आहे. ज्याच्याजवळ पैसा नाहीं व आप्तही नाहींत, अशा रोग्यानें जोडे आणि छत्री यांवांचून, भिक्षेवर निर्वाह करीत शंभर योजनें चालावें, असें तो सांगतो. मधुमेह हा केवळ श्रीमंतांचाच रोग असता, तर निर्धन प्रमेह्यासाठीं हा वेगळा विधि सांगण्याचें कारणच पडलें नसतें. याहूनही लक्षांत घेण्यासारखी गोष्ट वाग्भटाच्या अष्टांगहृदयांत आहे. वातज प्रमेहाचे उपद्रव सांगतांना त्यानें शोष, कास आणि श्वास यांची नांवें एकत्र घेतलीं आहेत. शोष हें राजयक्ष्म्याचेंही एक नांव आहे. या स्थळीं त्याचा अर्थ नुसतें शरीर सुकणें असाही घेतां येईल; तथापि मधुमेहाच्या अखेरच्या टप्प्यांत रोगी खोकूं लागतो, धापा टाकतो आणि वाळत जातो, हें वैद्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें, एवढें त्यावरून निश्चित दिसतें. इराणांतील थोर वैद्य इब्न सीना यानेंही मधुमेह्यांना क्षय जडतो अशी नोंद केल्याचें वैद्यकाचे इतिहासकार सांगतात.

युरोपांत या निरीक्षणाला आंकड्यांचा आधार मिळाला तो एकोणिसाव्या शतकांत. मृत रोग्याचें शरीर उघडून मरणाचें कारण शोधण्याची पद्धति तेव्हां रूढ झाली होती. मधुमेहानें मरण पावलेल्यांच्या अशा ३३३ तपासण्यांचा आढावा बर्ट्रम विंडल यानें १८८३ सालीं घेतला, तेव्हां त्यांपैकीं निम्म्याहून अधिक प्रेतांच्या फुप्फुसांत क्षयाच्या खुणा आढळल्या. ज्या काळीं मधुमेहावर कोणतेंही औषध नव्हतें, त्या काळीं मधुमेह्याचा अखेरचा घास पुष्कळदां क्षयच घेत असे.

या आढाव्याच्या एकच वर्ष आधीं वैद्यकांत एक क्रांति झाली होती. १८८२ सालच्या मार्च महिन्याच्या २४ तारखेस रॉबर्ट कॉख यानें बर्लिन येथें क्षयाचा जंतु सर्वांसमोर मांडला. आनुवंशिक दोष, हळवी प्रकृति, दूषित हवा अशा अनेक कारणांच्या धुक्यांत दडलेल्या रोगाला त्या दिवशीं एक निश्चित शत्रु मिळाला. या शोधाचें महत्त्व कितीही सांगितलें तरी थोडेंच. पण प्रत्येक मोठ्या प्रकाशाबरोबर एक सावलीही पडते. बीं सांपडतांच जमिनीचा विचार मागें पडला. जंतु तर हजारोंच्या शरीरांत शिरतो, मग रोग थोड्यांनाच कां होतो, हा प्रश्न कांहीं काळ गौण ठरला. क्षयाचें शास्त्र जंतुशास्त्रज्ञांकडे गेलें आणि मधुमेहाचें शास्त्र शरीरांतील रसायनांचा अभ्यास करणाऱ्यांकडे. ग्रंथ वेगळे झाले, परिषदा वेगळ्या झाल्या, आणि पुढें इस्पितळेंही वेगळीं झालीं.

या फारकतींत समाजाच्या समजुतीचाही हात होता. १९०७ सालीं ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या सभेंत उष्ण कटिबंधांतील मधुमेह या विषयावर चर्चा झाली. तींत हिंदुस्थानांतला, विशेषतः बंगाल्यांतला मधुमेह हा बैठें काम करणाऱ्या सुशिक्षित व संपन्न वर्गाचा रोग म्हणून रंगविला गेला. वकील, न्यायाधीश, जमीनदार हे त्याचे बळी. आणि गिरणीमजूर, चाळकरी, पडद्यांतल्या स्त्रिया हे क्षयाचे. जो डॉक्टर एका वर्गाला पाही, त्याच्या दारीं दुसरा वर्ग सहसा येत नसे. दोन्ही रोग एकाच शरीरांत पाहण्याची संधि त्यामुळें दुर्मिळ झाली, आणि जें दृष्टीस पडत नाहीं तें अस्तित्वांत नाहीं असें मानण्याची माणसाची खोड वैद्यकालाही सुटलेली नाहीं.

त्या काळच्या उपचारांकडे पाहिलें म्हणजे ही फारकत रोग्याला किती जाचक होत असे हें कळून येतें. क्षयावर तेव्हां औषध नव्हतें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सिलेशियांतील गेर्बर्सडोर्फ येथें हर्मान ब्रेमर यानें आरोग्यधामाची प्रथा पाडली. डोंगराळ हवा, विश्रांति आणि भरपूर पौष्टिक अन्न ही त्या उपचाराची त्रिसूत्री होती. पुढें आपल्याकडे मिरजेस, आंध्रांत मदनपल्लीस आणि हिमालयाच्या पायथ्याकडे भोवाली येथें अशीं आरोग्यधामें उभीं राहिलीं. रोग्याचें वजन वाढलें कीं डॉक्टर आनंदित होत. दूध, अंडीं, लोणी यांचा मारा चाले. याच सुमारास, म्हणजे १९१४ नंतर, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंतील फ्रेडरिक ॲलन यानें मधुमेहावर अगदीं उलट उपाय प्रचारांत आणला. लघवींतील साखर नाहींशी होईपर्यंत उपास आणि नंतरही जेमतेम जगण्यापुरतें अन्न, असा तो उपाय होता. त्यानें कित्येकांचें आयुष्य थोडें लांबलें हें खरें, पण तें सांपळ्यासारख्या देहाचें आयुष्य होतें. आतां ज्या दुर्दैवी माणसाला दोन्ही रोग असत, त्यानें काय करावें? आरोग्यधामांत जावें तर खाऊन साखर वाढे. मधुमेहाच्या वैद्याकडे जावें तर उपासानें क्षय बळावे. दोन शास्त्रें आपापल्या जागीं बरोबर होतीं, आणि त्या दोहोंच्या मध्यें सांपडलेला रोगी मात्र मरत होता.

ही कोंडी फुटली ती १९२२ सालीं. कॅनडांतील टोरोंटो येथें बँटिंग, बेस्ट, कॉलिप आणि मॅक्लिऑड यांच्या परिश्रमांतून इन्सुलिन सिद्ध झालें. त्या वर्षाच्या ११ जानेवारीस लेनर्ड टॉम्पसन नांवाच्या चौदा वर्षांच्या मुलास पहिली सुई टोचण्यांत आली. ती फारशी लागू पडली नाहीं. कॉलिपनें औषध अधिक शुद्ध केलें, आणि २३ जानेवारीच्या दुसऱ्या सुईनंतर मुलाच्या रक्तांतील साखर खरोखर उतरली. उपासांत दिवस कंठणारीं मुलें आतां जेवूं लागलीं. क्षयानें ग्रासलेल्या मधुमेह्यालाही आतां पोटभर अन्न आणि इन्सुलिन हीं दोन्ही एकाच वेळीं देतां येऊं लागलीं. दोन्ही उपचारांचें हाडवैर या एका शोधानें संपुष्टांत आणलें.

पण इन्सुलिननें एक अनपेक्षित गोष्टही उजेडांत आणली. पूर्वीं जे मधुमेही थोडक्या काळांत दगावत, ते आतां वर्षानुवर्षें जगूं लागले, आणि त्यांच्यांतील क्षय अधिकच डोळ्यांत भरूं लागला. बोस्टन येथें मधुमेहाचे विख्यात तज्ज्ञ इलियट जोस्लिन यांचे सहकारी हॉवर्ड रूट यांनीं या प्रश्नाचा कसून अभ्यास केला आणि १९३४ सालीं तो प्रसिद्ध केला. मधुमेही मुलामुलींत फुप्फुसाच्या क्षयाचें प्रमाण शाळेंतील इतर मुलांच्या मानानें दसपटीहून अधिक असल्याचें त्यांना दिसून आलें. बहुतेकांत मधुमेह आधीं आणि क्षय मागाहून, असा क्रम होता. आणि ज्यांची साखर हाताबाहेर जाऊन मूर्च्छेपर्यंत मजल गेलेली, त्यांच्यांत धोका विशेष होता. साखर आटोक्यांत ठेवणें हा क्षयापासून बचावाचाही एक उपाय आहे, हा त्यांतून निघणारा बोध होता. पुढें १९५२ सालीं फिलाडेल्फियांत ३,१०६ मधुमेह्यांच्या छातीचीं क्ष-किरण चित्रें काढण्यांत आलीं. त्यांच्यांत क्षयाचें प्रमाण शेंकडा ८.४ निघालें, तर कारखान्यांतील कामगारांच्या तशाच तपासणींत तें शेंकडा ४.३ होतें. हे आंकडे बोलके होते. पण त्यांकडे लक्ष देण्यास जगाला तेव्हां सवड नव्हती.

सवड नव्हती याचें कारण नवीं औषधें. १९४३ सालीं स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, १९५२ सालीं आयसोनियाझिड आलें, आणि साठाच्या दशकांत रिफॅम्पिसिन. श्रीमंत देशांत क्षय झपाट्यानें ओसरला, आरोग्यधामें ओस पडलीं, आणि मधुमेह्यांतील क्षयाचा प्रश्न तेथील पाठ्यपुस्तकांच्या तळटीपांत जाऊन बसला. गरीब देशांत क्षय होता तसाच राहिला; पण तेथें मधुमेह कोठें आहे, असा प्रश्न विचारणाराच कोणी नव्हता.

या काळांत भारतानें क्षयाच्या बाबतींत जगाला एक मोठा धडा दिला. १९५६ सालीं मद्रास येथें क्षयाच्या औषधोपचाराचें संशोधनकेंद्र स्थापन झालें. १९५९ सालीं त्यानें प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनीं सर्वांना चकित केलें. दाटीवाटीच्या घरांत राहून, तुटपुंजें अन्न खाऊन, पण नियमानें औषध घेणारा रोगी आरोग्यधामांतील रोग्याइतकाच बरा होतो, असें त्यांत दिसून आलें. डोंगरावरच्या हवेची मिरास संपली. त्याच वर्षीं बंगलोरास राष्ट्रीय क्षयरोग संस्था निघाली. तेथील बॅनर्जी आणि अँडरसन यांनीं खेड्यांतील रोग्यांची जी पाहणी केली, ती १९६३ सालीं प्रसिद्ध झाली. खेडवळ माणूस अडाणी, तो डॉक्टरकडे येतच नाहीं, असा शहरी समज होता. पाहणींत निराळेंच आढळलें. छातीच्या क्षयानें पीडित असलेल्या रोग्यांपैकीं सुमारें निम्मे सरकारी किंवा इतर दवाखान्यांत आधींच जाऊन आलेले होते. तेथें त्यांची थुंकी कोणी तपासली नव्हती. खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन त्यांची बोळवण झालेली होती.

या एका गोष्टींत या साऱ्या इतिहासाचें मर्म आहे. रोगी दारापर्यंत येतो. दारांतल्या माणसानें योग्य तो प्रश्न विचारला नाहीं, तर तो रिकाम्या हातानें परत जातो. म्हणूनच १९६२ सालीं सुरूं झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमांत क्षयाचें निदान आणि उपचार सर्वसाधारण दवाखान्यांतच व्हावे, जिल्हा केंद्रानें त्यांना साह्य करावें, अशी योजना केली गेली. एकत्र आरोग्यसेवेचा विचार आपल्याकडे परका नाहीं, हें यावरून दिसतें. मात्र व्यवहारांत पैसा, माणसें आणि औषधें यांचा तुटवडा पडला, कार्यक्रम रखडला, आणि १९९७ पासून त्याची नव्यानें उभारणी करावी लागली. मधुमेहासाठीं तर सरकारी पातळीवर व्यापक कार्यक्रम निघण्यास २०१० साल उजाडलें. तोंपर्यंत मधुमेह बहुतांशीं खाजगी डॉक्टरांकडे आणि क्षय बहुतांशीं सरकारी केंद्रांत, अशी वांटणी पक्की होऊन बसली होती.

दरम्यान समाजाची स्थिति पालटली होती. शहरें वाढलीं, श्रमाचीं कामें यंत्रांकडे गेलीं, स्वस्त तेल, साखर आणि पांढरा तांदूळ यांनीं गरिबांचें ताट भरलें. मधुमेह गादीवरून उतरला आणि झोपडपट्टींत शिरला. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणें देशांत १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. क्षयाच्या बाबतींत जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें त्याच वर्षीं भारतांत सुमारें २८ लाख नवे रोगी झाले. जगांतील एकूण रोग्यांच्या चौथाईहून हा आंकडा अधिक आहे. ज्या दोन वर्गांची एकमेकांशीं गांठ पडत नव्हती, त्यांचे रोग आतां एकाच घरांत आणि एकाच देहांत भेटूं लागले.

या भेटींत काय घडतें, हें शास्त्रानें आतां बरेंच उलगडलें आहे. क्षयाचा जंतु शरीरांत शिरला म्हणजे प्रथम भक्षकपेशी त्यास गिळतात आणि इतर रक्षकपेशींना हांक देतात. रक्तांत साखर सतत वाढलेली असली कीं ही हांक उशिरां जाते आणि प्रतिकार मंदावतो. ज्या जंतूला निरोगी शरीर आयुष्यभर बंदिवासांत ठेवतें, तो मधुमेह्याच्या शरीरांत सुटतो. उलट बाजूनें, क्षयाच्या तापानें आणि शरीरावर पडणाऱ्या ताणानें रक्तांतील साखर वाढते. कधींकधीं ही वाढ तात्पुरती असते आणि क्षय बरा होतांच ओसरते. म्हणून उपचाराच्या आरंभीं साखर अधिक आढळली तरी पुढें ती पुन्हां तपासून पाहावी लागते. जिऑन आणि मरे या संशोधिकांनीं २००८ सालीं जगांतील अनेक अभ्यासांचा एकत्र विचार केला, तेव्हां मधुमेह्याला क्षयाचा धोका सुमारें तिपटीनें अधिक असल्याचें दिसलें. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या तशाच दुसऱ्या आढाव्यांत, क्षयाचा उपचार चालू असतां मृत्यु येण्याची शक्यता मधुमेह्यांत जवळजवळ दुप्पट असल्याचें आढळलें. रोग बरा होऊन पुन्हां उलटण्याचा संभवही त्यांच्यांत अधिक असतो.

औषधांचेंही एकमेकांशीं जमतें असें नाहीं. रिफॅम्पिसिन हें यकृताला असें चेतवतें कीं मधुमेहाच्या जुन्या, स्वस्त आणि सर्वत्र मिळणाऱ्या सल्फोनिलयुरिया वर्गांतील गोळ्या शरीरांतून लवकर निघून जातात. रोगी नेहमींची गोळी नेमानें घेत असतो आणि तरीही त्याची साखर चढत जाते. आयसोनियाझिडमुळें हातापायांना मुंग्या येऊं शकतात. मधुमेहही हेंच करतो. ब-६ जीवनसत्त्वाची साधी गोळी वेळींच दिली तर हा त्रास बराच टळतो. क्ष-किरण चित्रांतही फसगत होते. क्षय बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागांत दिसतो. मधुमेह्यांत तो पुष्कळदां खालच्या भागांत आढळतो, आणि साधा न्यूमोनिया समजून औषध दिलें जातें. हीं सारीं कामें कठीण नाहींत. पण क्षयाचा डॉक्टर साखरेची गोळी ठरवीत नाहीं, मधुमेहाचा डॉक्टर क्षयाचें औषध ठरवीत नाहीं, आणि दोघांमधील निरोप्याचें काम तापानें फणफणलेल्या रोग्याच्या अंगावर पडतें.

ही तूट भरून काढण्याचा मार्ग एका तिसऱ्या रोगानें दाखविला होता. एड्सच्या सांथीबरोबर क्षय बळावला, तेव्हां भारतानें २००१ सालापासून महाराष्ट्रासह सहा राज्यांत दोन्ही कार्यक्रमांची सांगड घालण्यास आरंभ केला. एका दारीं आलेल्या रोग्याची दुसऱ्या रोगासाठीं तपासणी करावी आणि त्याला हातीं धरून दुसऱ्या दारापर्यंत पोंचवावें, असें त्या कामाचें सूत्र होतें. २०११ सालीं जागतिक आरोग्य संघटना आणि क्षयविरोधी आंतरराष्ट्रीय संघ यांनीं याच धर्तीवर क्षय आणि मधुमेह यांच्या संयुक्त व्यवस्थेचा आराखडा प्रसिद्ध केला.

तो प्रथम कसोटीस लावणाऱ्या देशांत भारत होता. २०१२ सालीं कांहीं मोठीं रुग्णालयें आणि अनेक लहान केंद्रें निवडून तेथें उपचारास आलेल्या आठ हजारांहून अधिक क्षयरोग्यांची साखर तपासण्याचें ठरलें. पद्धत सोपी होती. प्रथम रोग्याला मधुमेह असल्याचें आधींच ठाऊक आहे काय, हें विचारावयाचें. नसल्यास केव्हांही घेतलेल्या रक्ताच्या थेंबांतील साखर पाहावयाची. ती अधिक वाटली तर दुसऱ्या दिवशीं उपाशीपोटीं तपासावयाची. आणि उपाशीपोटीं ती १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक निघाली तर मधुमेह समजावयाचा. कामाच्या रगाड्यांत हें जमेल काय, अशी शंका होती. प्रत्यक्षांत जवळजवळ सर्व रोग्यांची विचारपूस व तपासणी झाली. शेंकडा १३ जणांना मधुमेह निघाला, आणि त्यांपैकीं बऱ्याच जणांना त्याची गंधवार्ताही नव्हती. उत्तरेंत हें प्रमाण शेंकडा १०, तर दक्षिणेंत शेंकडा २० होतें. केरळांतील एका स्वतंत्र पाहणींत तर क्षयरोग्यांपैकीं शेंकडा ४४ मधुमेही आढळले. २०१७ सालीं केंद्र सरकारनें क्षय आणि मधुमेह यांच्या संयुक्त कार्याचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला. त्यानुसार प्रत्येक क्षयरोग्याची साखर तपासणें, आणि मधुमेहाच्या दवाखान्यांत येणाऱ्या प्रत्येकाला खोकला, ताप, वजनांतील घट आणि रात्रींचा घाम या चार लक्षणांविषयीं विचारणें, हा नियम ठरला.

नियम ठरणें निराळें आणि तो अंगवळणीं पडणें निराळें. या दोहोंपैकीं पहिलें काम अधिक सुकर ठरलें आहे. क्षयाच्या केंद्रांत प्रत्येक रोग्याची नोंद असते, त्याच्याकडे पुनःपुन्हां लक्ष दिलें जातें. त्या नोंदींत साखरेचा एक रकाना वाढविणें शक्य झालें. मधुमेहाच्या दवाखान्याची रीत वेगळी. तेथें सकाळीं रांग लागते, महिन्याच्या गोळ्या मिळतात आणि रोगी निघून जातो. चार प्रश्न विचारण्यास एक मिनिट पुरतें. पण शंभर रोग्यांचीं शंभर मिनिटें कोणी द्यावयाचीं, हा प्रश्न उरतो. शिवाय मधुमेह्यांचा फार मोठा भाग खाजगी डॉक्टरांकडे जातो. क्षयाची खबर सरकारला देणें २०१२ पासून खाजगी डॉक्टरांवरही बंधनकारक आहे. परंतु खबर देण्यासाठीं आधीं संशय यावा लागतो. रोग्यांचीही अडचण असते. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाला उपाशीपोटीं रक्त देण्यासाठीं पुन्हां एक दिवस मोडणें परवडत नाहीं. साखर मोजण्याच्या पट्ट्या संपलेल्या असल्या, तर सारा आराखडा त्या दिवसापुरता कागदावरच राहतो.

अन्नाचा जुना प्रश्नही नव्या रूपानें उभा आहे. भारतांत क्षयाचें सर्वांत मोठें खतपाणी मधुमेह नसून कुपोषण हेंच आहे, ही गोष्ट दृष्टीआड करतां येत नाहीं. झारखंडांतील ज्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले, त्यांत क्षयरोग्यांच्या घरच्या माणसांना चांगला शिधा दिल्यानें त्यांच्यांतील नव्या क्षयाचें प्रमाण शेंकडा ३९ नीं घटल्याचें दिसलें. सरकार २०१८ पासून क्षयरोग्याला आहारासाठीं दरमहा ५०० रुपये देत होतें, ते २०२४ च्या नोव्हेंबरपासून १,००० झाले. हें सर्वथा इष्टच आहे. पण जो रोगी मधुमेहीही आहे त्याला भरपूर खा एवढेंच सांगून भागत नाहीं. तांदूळ किती, डाळ किती, अंडें कीं गूळ, हें त्याला समजावून सांगणारें कोणी हवें. आरोग्यधाम आणि उपास यांच्या कात्रींत सांपडलेल्या शंभर वर्षांपूर्वींच्या रोग्याची आठवण येथें झाल्यावांचून राहत नाहीं. फरक इतकाच कीं त्या वेळीं उत्तर कोणापाशींच नव्हतें. आज तें आहे, आणि तें त्याच्यापर्यंत पोंचविणें एवढेंच शिल्लक आहे.

या सर्व इतिहासाकडे एकत्र पाहिलें असतां असें दिसतें कीं क्षय आणि मधुमेह यांना निसर्गानें कधींच वेगळें केलें नव्हतें. त्यांची फारकत माणसानें केली : कांहीं ज्ञानाच्या सोयीसाठीं, कांहीं वर्गभेदाच्या समजुतीनें आणि कांहीं सरकारी खात्यांच्या रचनेमुळें. ज्ञानाची विभागणी अपरिहार्य आहे. तिच्यावांचून कॉखचा जंतु सांपडला नसता आणि टोरोंटोचें इन्सुलिनही. पण विभागलेलें ज्ञान जेथें पुन्हां एकत्र यावयाचें ती जागा प्रयोगशाळा नसून तालुक्याचा दवाखाना ही आहे. तेथें बसलेली परिचारिका खोकणाऱ्या माणसाच्या बोटांतून रक्ताचा एक थेंब घेते, आणि साखरेच्या गोळ्या न्यावयास आलेल्या बाईस खोकला किती दिवसांचा आहे म्हणून विचारते, तेव्हां तिच्या हातून वाग्भटाच्या नोंदीपासून रूटच्या अभ्यासापर्यंतचें सारें ज्ञान कामीं लागत असतें. कर्नाटकांतील त्या खेडुतांना १९६३ पूर्वीं खोकल्याची बाटली देऊन परत पाठविलें गेलें, कारण कोणी विचारलें नव्हतें. आज काय विचारावयाचें हें ठाऊक आहे. तें प्रत्येक दारीं, प्रत्येक दिवशीं, रांग कितीही लांब असली तरी विचारलें जाणें, यावरच या जुन्या सोबतीचा शेवट अवलंबून आहे.